सर्वांसाठी खुला अल्बम

चष्मेवाल्याला क्लबात सगळे फोटोकाका म्हणत. दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचे आणि संध्याकाळी गळ्यात कॅमेरा अडकवून मुलींच्या जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये हजर व्हायचं, हा त्याचा कित्येक वर्षांचा नेम. त्याची स्वतःची लेक तिथे होतीच. जन्मापासून एका जागी बसली नाही म्हणून तिला भिंगरी म्हणायला लागले, आणि तेरा वर्षांची झाली तरी ते नाव काही सुटलं नाही. पण फोटोकाका दुजाभाव करणाऱ्यांतला नव्हता. भिंगरीचे चार काढले की बाकी पोरींचेही चार-चार काढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

त्यातही त्याचा एक कटाक्ष होता. फोटोखाली मुलीचं पूर्ण नाव, वय, शाळा आणि सरावाची वेळ लिहायचीच. झालं होतं असं, की मागे एकदा वर्तमानपत्रात एका पोरीचा फोटो आला आणि खाली नाव दुसरीचंच. ती बिचारी हमसून हमसून रडली. त्या दिवसापासून फोटोकाकाने ठरवलं, एकही मुलगी बिननावाची राहता कामा नये. अल्बमही त्याने सर्वांसाठी खुला ठेवला होता, कारण गावोगावच्या आजी-आजोबांना ते खातं उघडा, पासवर्ड टाका वगैरे जमत नाही. सगळे पालक खूश होते. "काका, आमच्या बाईसाहेबांचा कालचा टाकला का?" असं हक्काने विचारत. इतक्या चांगुलपणाने माणूस खड्डा खणू शकतो, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्याने हसण्यावारी नेलं असतं.

बेकरीवाल्या बाई दुकानात शिरल्या तेव्हा तो एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या चष्म्याची दांडी वाकवत होता. बाईंची मुलगी आणि भिंगरी एकाच गटात होत्या. बाईंनी गृहस्थ जाईपर्यंत दम धरला आणि मग काउंटरवर फोन ठेवला.

"हे फोटो तुमचेच ना?"

फोटो त्याचेच होते. पान मात्र भलत्याच माणसाचं होतं. त्यावर देशोदेशीच्या अशाच क्लबांतल्या मुली, दुसरं काही नाही. त्याने टिपलेल्या शेकडो फोटोंतून त्या माणसाने मोजकेच उचलले होते, आणि कोणते उचललेत ते पाहून त्यामागचा हेतू चष्मेवाल्याला कळून चुकला. नाव, वय, शाळा, सरावाची वेळ, सगळं जसंच्या तसं. खाली लोकांनी लिहिलेल्या दोन-तीन ओळी त्याने वाचल्या आणि फोन पालथा घातला. भिंगरीचा फोटो वरून दुसरा होता.

सायबर पोलिसांच्या मॅडम तरुण होत्या, थकलेल्या होत्या, आणि बोलायला चांगल्या होत्या.

"फोटो कुणी काढले?"

"मी."

"नेटवर कुणी टाकले?"

"मीच."

"पालकांची परवानगी घेतली होती?"

"सगळे म्हणायचेच की, काका टाका म्हणून."

"म्हणजे लेखी नाही." मॅडमनी टाइप केलं. "आणि मुलींना विचारलं होतं?"

हा प्रश्न असू शकतो हेच त्याच्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं.

"दुसऱ्यांच्या मुलींचे एवढे फोटो का काढायचात?" मॅडमनी त्याच सुरात विचारलं.

"हौस," तो म्हणाला, आणि तो शब्द त्याच्याच कानाला घाण लागला.

मॅडमनी त्याला कायदा समजावून सांगितला. फोटो बघायला खुला आहे म्हणून कुणी उचलून कसाही वापरावा, असं नसतं. पण उचलणाऱ्यावर गुन्हा लावायचा तर तो कलमात बसायला हवा. फोटोत मुली व्यायाम करताहेत, स्पर्धेचे कपडे अंगावर आहेत. घाण आहे ती खालच्या लिखाणात, आणि लिहिणारे कुठल्या कुठल्या देशांतले. राहता राहिला एक रस्ता. मूळ फोटो तुमचा, मुलगी तुमची, तेव्हा तुमच्या मुलीच्या नावाने कंपनीकडे तक्रार करू. ती मान्य झाली की तिच्या आधाराने बाकीच्या मुलींच्या तक्रारी लावून धरता येतील.

"मी आत्ताच्या आत्ता अल्बम काढून टाकतो," तो म्हणाला.

"अजिबात नाही! हात लावू नका. काढलात किंवा बंद केलात तर लिंक मरते. कंपनीवाले मूळ फोटो उघडून ताडून बघतात. दिसला नाही तर तक्रार निकालात. मागे एका शाळेचं तसंच झालंय."

"म्हणजे सगळ्यांना दिसत राहायचे?"

"त्यांचं उत्तर येईपर्यंत."

"कधी येईल?"

मॅडमनी नुसते खांदे उडवले.

त्या दिवसापासून माणूस पुरता कात्रीत सापडला. हॉलकडे पाय वळेना. रस्त्यात पालक भेटले तर पोलिसांत काय झालं ते विचारत, पण विचारताना त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत. अल्बम किती जणांनी पाहिला तो आकडा चढत होता, आणि गंमत अशी की तो आकडा बघायला स्वतः पान उघडलं की त्यात आणखी एकाची भर. घरी बायको म्हणाली, "भिंगरीला कळू द्यायचं नाही. निवड चाचणी तोंडावर आलीय." दोघांनी तोंडाला कुलूप लावलं. पण पोरींच्या गटात असल्या गोष्टी लपतात होय? बेकरीवाल्या बाईंच्या मुलीने सरावाच्या मधल्या सुट्टीतच तिला सगळं दाखवलं.

भिंगरी घरी आली ती सरळ त्याच्यासमोर उभी राहिली. स्वेटरची चेन हनुवटीपर्यंत ओढलेली.

"बाबा, माझे फोटो काढून टाक."

"अगं, मॅडम म्हणाल्या, उत्तर येईपर्यंत..."

"फोटो माझे आहेत की मॅडमचे?"

"तुझेच बाळा. पण तुझ्याच भल्यासाठी..."

"ते वर आहेत तोवर मी त्या कपड्यांत कुणासमोर उभी राहणार नाही. चाचणी गेली खड्ड्यात." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "टाकताना मला विचारलंस का रे कधी?"

"तू तर हसायचीस की कॅमेऱ्याकडे बघून."

"मी तुझ्याकडे बघून हसायचे," ती म्हणाली.

पाच वर्षांची असल्यापासून ती या चाचणीचा ध्यास घेऊन बसली होती. मनगट मुरगळलं तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, आणि आता ती सगळं सोडून द्यायला निघाली होती, ते त्याच्यापायी. दुसऱ्या दिवशी दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात त्याने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि भिंगरीचे सगळे फोटो एकेक करून पुसले. बाकीच्या मुलींचे तसेच ठेवले, पुरावा म्हणून. केवढा सुज्ञपणा केला असं त्याला वाटलं. बऱ्याच दिवसांनी तो पोटभर जेवला.

मॅडमचा फोन आला तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त झोंबलं. "काका, कंपनीचं उत्तर आलंय. मूळ फोटो आढळला नाही म्हणून तक्रार बंद केली. तक्रार तुमच्या मुलीच्या नावाने होती ना. नेमके तिचेच काढलेत हो तुम्ही."

"पुन्हा टाकू का?"

"आता तारीख आजची पडेल. मग तुम्हीच त्याचा उचललात असंही म्हणतील."

संध्याकाळच्या आत क्लबभर झालं. बेकरीवाल्या बाई दुकानाच्या पायरीवरूनच बोलल्या, आत आल्या नाहीत. "आपलं पोर तेवढं झाकून घेतलंत, आणि आमच्या पोरी उघड्यावर? वा रे काका!" तो म्हणाला, तसं नव्हतं हो. कसं होतं, ते त्याला धड सांगता येईना, कारण होतं तसंच. मग त्याने उरलेला अल्बमही काढून टाकला. आता त्याच्या अल्बमात एकही फोटो नव्हता आणि त्या माणसाने उचललेले सगळे तिथेच होते.

भिंगरीला सांगायला तो घरी गेला, तर ती म्हणाली, "माहितेय. मी रोज सकाळी त्या माणसाचं पान बघते. अजून आहेत." जणू बाहेर गार आहे का ते सांगावं, इतक्या सहज.

चाचणीला जायचं तिने कबूल केलं ते प्रशिक्षक ताईंमुळे. ताईंनी तिला काय समजावलं ते तिने घरी सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. आदल्या दिवशी ताईंनी दुपारी हॉल तिच्या एकटीसाठी उघडला आणि खिडक्यांना आतून चादरी लावल्या. चष्मेवाला तिला सोडायला आला आणि दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिला. आत जायचं नाही हे कुणी सांगावं लागलं नव्हतं.

थोड्या वेळाने ताईंनी दार उघडून बोलावलं. "फरशीला पॉलिश केलंय, उतरायची गादी सरकतेय. मला उडीच्या लाकडी घोड्यापाशी उभं राहावं लागतं. तुम्ही जरा गादीच्या कडेवर उभे राहता का? वजन पाहिजे."

तो आत गेला. भिंगरी हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती, चाचणीच्या कपड्यांत, दोन्ही हात पोटावर आवळून. तो बूट काढून गादीच्या कडेवर जाऊन उभा राहिला. ती धावली नाही.

"बाबा," ती तिकडून म्हणाली, "तोंड भिंतीकडे कर ना."

ताई पटकन काहीतरी बोलायला गेल्या, पण त्याने मान हलवली आणि तो वळला. भिंत अगदी जवळ होती. मागे तिची पावलं सुरू झाली, जोरात आली, फळी वाजली, मग क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. आणि त्याच्या तळव्यांखाली गादी एकदाच हादरली. तिचा तोल गेला नव्हता एवढं त्याला पायांनीच कळलं.

"झकास!" ताई ओरडल्या. "अगं, झकास!"

त्याचे डोळे भरून आले. मान वळवावी असं त्याला इतकं वाटलं की मानेच्या शिरा दुखायला लागल्या.

"झालं का गं?" त्याने भिंतीलाच विचारलं.

"नाही, अजून एकदा," भिंगरी धापा टाकत म्हणाली. "वळू नकोस हं."

"नाही वळत," तो म्हणाला, आणि त्याने गादीवर पाय आणखी घट्ट रोवले.