केसांनी भरलेली बोटं

फेब्रुवारीच्या उन्हाला धार नसते, पण पत्र्यावरचं बर्फ सैल करायला ते पुरतं. त्या सकाळी हिदाका भागातल्या घोड्यांच्या फार्मवर छपरं आतल्या आत कण्हत होती. तबेल्याच्या दारात मित्सुयो उजवा हात पुढे करून उभी होती आणि तिच्या हातमोज्याच्या दोन रिकाम्या बोटांत मालक ओसानाई खराऱ्यात निघालेले घोड्यांचे केस कोंबत होते.

"जास्त ठासू नका मालक, बोटं सुजल्यासारखी दिसतील."

"दिसू देत. नसल्यासारखी दिसण्यापेक्षा बरी. नवी पोरगी कामाला हो म्हणेपर्यंत मोजा उतरवायचा नाही, कळलं?"

मित्सुयोला कळलं होतं. डोंगरापलीकडे कितामीच्या इस्पितळात तिची आई शेवटच्या वाटेला लागली होती, आणि इथे घोड्या व्यायला टेकल्या होत्या. अडलेलं शिंगरू ओढायला दोन माणसं लागतात. फार्मवर होतीच दोन, त्यातल्या मालकांची कंबर निम्मी मोडलेली. "मला फक्त दुसरे हात हवेत," ते म्हणाले होते, "ही पोरगी राहिली की दुसऱ्या दिवशी तू आईकडे जा. मी अडवायचा नाही."

आई घोडेवाल्याची लेक. फोनवर आता बोलणं थोडं आणि गुणगुणणंच जास्त, तेही बापाचं घाटातलं गाणं:

*चाल चाल घोडीबाई, बर्फ वाटेवर दाटलं,*
*आई उभी दारामधी, तेल दिव्यातलं आटलं.*

रेल्वे बंद पडल्यापासून माणूस येतं ते बसनेच. नागोयाची होनोका उतरली ती हसतच. नुकती विशीत आलेली, नाकाचा शेंडा लाल. जाहिरातीत तिने निळं आभाळ पाहिलं होतं, हिरवं कुरण पाहिलं होतं, आणि खाली लिहिलेलं वाचलं होतं: अनुभव नको, घोड्यांवर प्रेम हवं.

"प्रेम तर पोतंभर आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "बूट तेवढे नाहीत."

दाराशी गमबुटांची रांग होती. त्यातला एक जोड तिला बरोबर बसला.

"कुणाचे हो हे?"

"आधीच्या मुलीचे," मालक म्हणाले.

"ती कुठे गेली?"

"लग्न झालं तिचं."

मित्सुयोने मान खाली घातली. ती मुलगी एका पहाटे नुसते पायमोजे घालून बर्फातून पळाली होती, बुटांचा आवाज होऊ नये म्हणून.

"शेजारी तर हिंदुस्थानातून स्वार आणलेत म्हणे?" होनोकाने विचारलं.

"त्यांची मोठी घरं. आमच्याकडे घरच्यासारखं असतं सगळं. मित्सुयो, शिगुरेला दे हिच्या हातात."

शिगुरे पोटुशी, शहाणी घोडी. तिने होनोकाच्या गळपट्ट्यात नाक खुपसलं, ऊन श्वास सोडला, आणि पोरगी विरघळली. "अगं बाई! मावशी, ही मला ओळखते!"

पोरगी आणि घोडी छपराकडेने चालू लागल्या. मित्सुयो मागे होती. पोरीचे पाय बरे पडतात, हे तिने पाहिलं. आवाज मऊ आहे, घोडीही ऐकतेय. राहील ही. मग उद्या बस, मग गाडी, मग आईची उशी.

तेवढ्यात थंडीने कळवळून होनोकाने घोडीचा दोर हाताभोवती गुंडाळला. एक वेढा, वर दुसरा. सुटू नये म्हणून. नवशिके सगळेच असं करतात. मित्सुयोनेही केलं होतं.

वर पत्रा करकरला.

ओरडावं तर घोडी बुजणार. मित्सुयो ओठांतल्या ओठांत "हो, हो, बाई" करत पुढे झाली आणि पोरीच्या मुठीवर हात घातला. पण केसांची बोटं वेढ्याखाली शिरेनात. तिने दातांनी मोजा ओढून थुंकून टाकला, उरलेल्या तीन बोटांनी दोर उपसला, आणि छपरावरचं सगळं बर्फ धडाडून खाली आलं. शिगुरे उधळली. दोर सापासारखा सळसळत तिच्यामागे गेला.

होनोका बर्फात बसली होती, हात शाबूत. बघत मात्र मित्सुयोच्या हाताकडे होती.

मालक लंगडत आले. "गवत कापायच्या यंत्रात गेली बोटं, जुनी गोष्ट आहे. दुसऱ्या फार्मवर. नाही का गं, मित्सुयो?"

होनोकाने वर पाहिलं. "खरंच, मावशी?"

एक होकार पुरे होता. मान हलवली की कितामी.

मित्सुयोने पोरीच्या पायांतल्या बुटांकडे पाहिलं.

"इथेच," ती म्हणाली. "ह्याच छपराखाली. असाच दोर गुंडाळला होता. सांगणारं कुणी नव्हतं, सगळे पळालेले. पट्टी बांधून संध्याकाळी शेण काढलं, कारण काढणारं दुसरं कुणी नव्हतं. हे बूट जिचे, त्या मुलीचं लग्न नाही झालं. झोपेविना वेडं व्हायची वेळ आली तिच्यावर, म्हणून पळाली."

"मित्सुयो!"

"तुम्ही घाला, मालक, मोजा आता."

दुपारच्या बसने होनोका गेली. बूट पुसून रांगेत ठेवले तिने, आणि मित्सुयोपुढे इतकी वाकली की कपाळ गुडघ्याला लागावं. बस वळल्यावर मालक म्हणाले, "शिगुरेचे सड बघून घे. चीक धरलाय, आज-उद्याकडे व्यायची." आणि कंबर धरून आत गेले.

मित्सुयोने कुंपणाशी उभी शिगुरे धरून आणली. ठाणात तिच्या पोटाला पाठ टेकून फोन लावला. नर्सने तो आईच्या कानाशी धरला.

"कधी येतेस?"

"शिगुरे व्याली की येते, आई."

घोडेवाल्याची लेक ती, तिला फसवणार कोण.

"मग दुसरी व्यायला येईल," आई म्हणाली. "दोर... गुंडाळू नकोस हाताला."

"नाही गुंडाळत."

आईने गाणं धरलं. चाल चाल घोडीबाई. पहिली ओळ पुरी झाली, आणि दुसरीच्या दारात आवाज थांबला. मित्सुयो वाट पाहत राहिली. नर्स म्हणाली, झोप लागली त्यांना, उद्या करा.

पाठीशी शिगुरेच्या पोटात शिंगराने पाय झाडला. मित्सुयो उठली, आणि एकटीच पेंढा पसरायला लागली.