समृद्धी मॅडमचं हस्तांदोलन

प्रोफेशनल कसं वागायचं हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी शिकवण्यात आलं, तेही बेल्ह्याच्या एका मंगल कार्यालयात, लाइट गेलेली असताना. शिकवणारी समृद्धी मॅडम, पुण्याची, वय अठ्ठावीस. शिकणारे दोघेच. एक मी, सुभाष, निमगाव सावाचा टेम्पोवाला. दुसरे माझे मामा कुशाबा, बेल्ह्याच्या बैलबाजारातले जुने दलाल. मोबाइलवर जनावरं विकणाऱ्या एका कंपनीनं आम्हाला कामावर घेतलं होतं. माझा हुद्दा 'लॉजिस्टिक पार्टनर'. टेम्पो तोच होता आणि हॉर्नही तसाच बिघडलेला होता.

मामांचं मात्र बाजारात नाव होतं. ज्या सौद्यात कुशाबा उभे राहिले तो सौदा चाळीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. ना कागद, ना सही. मामांचं शिक्षण चौथी, जमीन दीड एकर, तब्येत यथातथा. माणसं त्यांना बघून चहा सांगायची ती फक्त या एका गोष्टीसाठी. कंपनीनंही त्यांना त्याच्यासाठीच घेतलं, आणि घेतल्याबरोबर सुधारायला काढलं.

सदऱ्यावर टाय आला. भाऊ, पावणं, मामा बंद, सगळ्यांना सर म्हणायचं. कोणाच्याही दोन फुटांच्या आत जायचं नाही, कारण प्रत्येकाला पर्सनल स्पेस असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं हस्तांदोलन.

"हात पूर्ण द्यायचा," मॅडम म्हणाल्या. "घट्ट दाबायचा, तीन सेकंद. डोळ्यांत बघायचं, हसायचं. ढिला हात म्हणजे ढिला माणूस."

"पण हात कवा द्यायचा, मॅडम?" मामांनी विचारलं.

"भेटल्या भेटल्या. प्रत्येकाला."

मामांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. मला आजही स्वतःचा राग येतो. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण समोरचा बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हेही दहाच मिनिटांपूर्वी शिकवून झालं होतं.

आता ज्यांनी बैलबाजार बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथं भाव तोंडानं होत नाही. विकणारा आणि घेणारा एकमेकांच्या हातात हात देतात, वर रुमाल टाकतात, आणि खाली बोटं दाबून आकडा सांगतात. बाहेरच्याला पत्ता लागत नाही. तोंडानं दोघं पावसापाण्याचं बोलत असतात. समोरच्यानं सांगितलेला भाव मान्य असला की सगळा हात मिळवून घट्ट दाबायचा. मग घेणारा विसार म्हणून हातावर काहीतरी ठेवतो, की झाला सौदा. त्यातून मागं फिरणारा माणूस बाजारातून उठला म्हणून समजा.

बाजारच्या दिवशी व्यापाऱ्यांनी मॅडमचा सत्कार केला. शाल, श्रीफळ. शाल काढली तर लोकांना वाईट वाटेल म्हणून मॅडमनी ती भर उन्हात अंगावर ठेवली. ती खांद्यावरून सारखी घसरायची आणि थेट मनगटावर यायची. मॅडम प्रत्येक दावणीपाशी जाऊन ओळख करून घेत होत्या. घट्ट हात, तीन सेकंद, डोळ्यांत बघून हसू. "थँक यू सर, आपण नक्की पुढे जाऊया." आणि वर कंपनीचं एक पेन भेट.

मामा पाठीमागे होते. दोन फूट.

दुपारी आम्ही टेम्पोपाशी चहा घेत होतो. सात माणसं जनावरं घेऊन आली. सहा बैल आणि एक म्हैस.

"रिस्पॉन्स चांगला आहे," मॅडम मला म्हणाल्या. "सर, नोंदणी करायची आहे ना?"

"नोंदणी न्हाई, चढवायची हायती," पहिला म्हणाला. "कुठल्या टेम्पोत?"

"कोणाची?"

"तुमचीच की. शालीखाली भाव सांगितला, तुमी घट्ट हात दाबला. पेन दिलं विसार म्हणून." त्यानं खिशातलं पेन काढून दाखवलं. मागच्या सहाही जणांनी आपापली पेनं वर केली.

मामांच्या हातातला चहा टायवर सांडला. मला हसू आवरेना, म्हणून मी टेम्पोखाली वाकून टायर बघायला लागलो.

मॅडमनी पुण्याला साहेबांना फोन लावला आणि घाबरगुंडीत स्पीकर चालू राहिला. साहेबांचा आवाज सगळ्या बाजारानं ऐकला. "काही साइन केलंय का? नाही ना? मग विषयच संपला. गाडीत बस आणि निघून ये. बी प्रोफेशनल."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली आणि मग सगळी मिळून मामांकडे. मला हसायचं सुचेना. मॅडमना बाजारात आणलं होतं कुशाबांनी. चाळीस वर्षांत मोडला नाही तो सौदा आज मोडणार होता, तोही एकदम सात वेळा.

"तुमी जावा, मॅडम," मामा म्हणाले. "नवीन हायसा. तुमची काय चूक न्हाई."

"आणि तुम्ही?"

"मी बी घरी जातो. पुन्यांदा बाजारात यायचं काय कारण ऱ्हायलं न्हाई."

हे ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. त्यामुळे मला जास्तच लागलं.

मॅडम टेम्पोच्या पायरीवर बसल्या. गळ्यातलं आयकार्ड काढलं, पुन्हा घातलं. मग उठून मामांपुढे उभ्या राहिल्या, दोन फूट वगैरे विसरून, आणि हात पुढे केला. "कुशाबा सर, ती बोटं शिकवा मला. जनावरं मी घेतलीत, तर विकायलाही मीच पाहिजे."

मामांनी दहा मिनिटांत शिकवलं. मी इतकी भरभर शिकणारी बाई बघितली नाही. त्यानंतर जे झालं ते बेल्ह्यात कोणी विसरणार नाही. भाव करताना माणसं आभाळाकडे बघतात, बैलाच्या शेपटाकडे बघतात, समोर कधीच बघत नाहीत. मॅडम सरळ डोळ्यांत बघून हसायच्या आणि सोडायच्याच नाहीत. तीन सेकंद, दहा सेकंद, अर्धं मिनिट. मोठे मिशीवाले व्यापारी घामाघूम होऊन भाव मान्य करत होते. एक जण तर "सोडा मॅडम, घेतो मी," असं तोंडानंच म्हणाला, जे बाजाराच्या रीतीत बसत नाही. दिवस कलायच्या आत सहाही बैल गेले.

म्हैस राहिली. तिला शिंग एकच होतं आणि जवळ येईल त्याची ती त्याच शिंगानं विचारपूस करायची. तिचा मालक पिंपळवंडीचा सावळेराम. सकाळपासूनची मजा बघून तोही विरघळला होता.

"ऱ्हाऊ द्या, मॅडम," तो म्हणाला. "म्हस मी माघारी न्हेतो. पावण्यांची चेष्टा झाली म्हणायचं आन् सोडून द्यायचं. कोण काय बोलणार न्हाई."

मामांनी मान खाली घातली. नाही म्हणायचा त्यांना हक्क नव्हता, आणि हो म्हणवत नव्हतं.

"नाही, सावळेराम सर," मॅडम म्हणाल्या. "मी हात दिलाय."

त्यांनी मोबाइल काढला, स्वतःच्या खात्यातून पैसे पाठवले आणि दावं हातात घेतलं. म्हशीनं त्यांना लगेच चिखलात बसवलं. त्या उठल्या, दावं सोडलं नव्हतं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

म्हैस मामींच्या गोठ्यात गेली. ठकूबाई मामी तिला 'हापिसवाली' म्हणतात. पुण्याहून मॅडमना मेल आला की तुमचं वागणं प्रोफेशनल नव्हतं. काढलं मात्र नाही, कारण त्यांच्या जागी बेल्ह्याला यायला दुसरं कोणी तयार होईना.

पुढच्या बाजारी मामा आले, पण येताना पाय ओढत आले. दावणीपाशी जाऊन त्यांनी हात पुढे केला. सावळेरामनं तो दोन्ही हातांत धरला. मग पलीकडच्यानं धरला, मग त्याच्या पलीकडच्यानं. मामा तोंडानं नुसतं पावसापाण्याचं बोलत राहिले.

तेवढ्यात मॅडम आल्या, हसत, हात पुढे करत. बाजारातल्या यच्चयावत व्यापाऱ्यांनी दोन पावलं मागं सरून लांबूनच हात जोडले.

"हे काय, सर?" मॅडमनी मला हळूच विचारलं. "राग आलाय का यांना?"

"न्हाई मॅडम," माझ्याआधी मामाच बोलले. "आता तुमाला घाबरत्यात. चाळीस वर्सं झाली, मला आजून कोण घाबरलं न्हाई."