डारियन चघळतोय का?

सतीशचं डच सहा वर्षांत बरंच सुधारलं होतं, आणि सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

हार्लेमच्या बेसबॉल मैदानाच्या फाटकाशी एक पांढऱ्या मिशांचे स्वयंसेवक उभे होते. त्यांनी समोरच्या तिघांना न्याहाळलं. पोटावर ताणून बसलेला नारिंगी टीशर्ट घातलेला सतीश, खांद्याला डब्यांची पिशवी लावलेली मालिनी, आणि कानात इअरफोन घातलेली त्यांची तेरा वर्षांची चारुता. मग त्यांनी हसून विचारलं, "फामीली?"

"या, या. फामीली," सतीश झोकात डचमध्ये होकार देत म्हणाला. नवरा, बायको आणि मुलगी. कुटुंब नाही तर काय?

आजोबांनी लगेच दोरी बाजूला केली आणि तिघांना सावलीतल्या, मैदानाच्या अगदी लगतच्या स्टँडमध्ये नेऊन बसवलं. खुर्च्यांना चक्क गाद्या होत्या.

"बघ," सतीश मालिनीला म्हणाला, "भाषा आली की अशी वागणूक मिळते."

चारुताने एका कानातला इअरफोन काढला. "बाबा, फामीली मीन्स नातेवाईक. ही वॉज आस्किंग, तुम्ही प्लेअर्सचे रिलेटिव्ह्ज आहात का. धिस इज द फॅमिली स्टँड."

सतीशचा चेहरा उतरला. तो उठणार, तोच त्यांच्या ओळीत आणखी माणसं येऊन बसली आणि बाहेर पडायची वाट बंद झाली. समोर दोन्ही संघ ओळीने उभे राहिले होते, राष्ट्रगीत सुरू होत होतं. अशा वेळी कुणाच्या पायांवरून उड्या मारत जायचं म्हणजे फारच वाईट दिसलं असतं.

युरोपातल्या देशांच्या स्पर्धेतली ती उपांत्य फेरी होती, नेदरलँड्स विरुद्ध इटली. आइंडहोव्हनजवळच्या न्यूनेनहून दीड-पावणेदोन तास गाडी हाकत हे तिघं आले होते ते चारुतासाठी. ती आइंडहोव्हनच्या एका क्लबात सॉफ्टबॉल खेळायची, कॅचर म्हणून, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे चेंडू झेलायला बसणारी, आणि तिच्या प्रशिक्षकाने सगळ्या मुलींना बजावलं होतं की राष्ट्रीय संघाचा कॅचर कसा बसतो ते जाऊन बघा. सतीश आला कारण नारिंगी रंग दिसला की तो कुठेही जातो. मालिनीला मात्र या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. शनिवारी चारुताच्या सामन्यांना ती जायची, पण क्लबच्या कँटीनमध्ये कॉफी करायचं काम तिने आपणहून मागून घेतलं होतं. त्या खिडकीतून मैदान दिसत नाही, हे तिला फार सोयीचं वाटायचं.

"तुम्ही कुणाकडचे?" शेजारच्या बाईंनी मालिनीला डचमध्ये विचारलं. पंचावन्न-साठीच्या, सावळ्या, ठसठशीत बाई होत्या त्या. मोठे सोनेरी डूल आणि त्याहून मोठा हातपंखा. "मी लुडविना. क्युरासाओहून आलेय, कॅरिबियनमधल्या डच बेटावरून. माझा डारियन पिचर आहे, सदतीस नंबर."

मालिनीने सतीशकडे पाहिलं. सतीशने आकाशाकडे पाहिलं. त्या दोघांना वाचवायला म्हणून चारुताने समोर दिसला तो आकडा ठोकून दिला. "नंबर बारा."

बारा नंबरचा खेळाडू तेवढ्यात टोपी काढून घाम पुसायला वळला. सहा फूट चार इंच उंच, आणि केस मक्याच्या कणसासारखे पिवळे.

पुढच्या ओळीतली एक तितकीच उंच, तितक्याच पिवळ्या केसांची बाई सावकाश मागे वळली. तिने तिघांना नीट पाहून घेतलं.

"गंमतच आहे," ती म्हणाली. "बारा नंबर माझा मुलगा आहे."

मालिनीला वाटलं, आता खाली भुयार असतं तर बरं झालं असतं. पण खोटं बोलण्यापेक्षा खरं सांगताना तिची जीभ जास्त चालायची. तिने फाटकापासूनची सगळी हकिगत आपल्या दुकानबाजारी डचमध्ये सांगून टाकली. कुटुंब, नातेवाईक, आजोबा, गादी, सगळं. लुडविना पंखा आपटून आपटून हसली. पिवळ्या केसांची बाई हसली नाही, पण तिने हात पुढे केला. "सित्स्के. फ्रीसलंडची. बसा आता. हाकलणारी मी कोण?" आणि थोडं थांबून म्हणाली, "माझ्या आईला सांगते, आमच्या घरात एक भारतीय शाखा निघाली म्हणून."

डबे उघडले गेले. लुडविनाला मालिनीच्या मेथीच्या पुऱ्या आवडल्या, सित्स्केने तीन खाऊन चौथी रुमालात बांधून घेतली. सामना आपल्या गतीने चालला होता. सतीश सगळ्यांना नियम समजावून सांगत होता आणि चारुता हळूच सांगत होती की त्यातला कुठला चुकला. नऊपैकी आठव्या डावाच्या सुरुवातीला नेदरलँड्स तीन-दोनने पुढे होतं. तेव्हा बापलेक बटाट्याचे तळलेले काप आणायला गेले. रांग बरीच लांब होती.

आणि ते गेल्या गेल्या सगळं बिनसलं. इटलीचा एकच गडी बाद झाला होता आणि त्यांची दोन माणसं पुढच्या तळांवर येऊन उभी राहिली. नेदरलँड्सच्या प्रशिक्षकाने पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बदलला. ध्वनिक्षेपकावर नाव घुमलं आणि लुडविनाच्या हातातला पंखा गळून पडला. सदतीस नंबर मैदानात धावत येत होता.

लुडविना ताडकन उठली, मैदानाकडे पाठ करून उलटी बसली आणि तिने डोळे घट्ट मिटले.

"काय झालं? बरं वाटत नाहीये का?" मालिनी घाबरली.

"मला बघवत नाही. तो आठ वर्षांचा असल्यापासून मी कधी बघितलेलं नाही. नेहमी माझी बहीण सांगते, या वेळी ती आली नाही." तिने मालिनीचा हात पकडला. "तू सांग."

"मी? अहो, मला काही कळत नाही यातलं! या सित्स्केबाईंना विचारा."

"सित्स्केला सगळं कळतं. मला ते नकोय. तुला काय दिसतं ते सांग."

आता काय करणार? मालिनी पुढे सरकून बसली आणि दिसेल ते सांगू लागली. "तो उभा आहे. टोपी नीट करतोय. पायाने माती उकरतोय. काहीतरी चघळतोय."

"चघळतोय?" लुडविनाच्या खांद्यांमधला ताण जरा सैल झाला. "मग ठीक आहे. घाबरला की तो चघळायचा थांबतो. लहानपणापासूनची सवय आहे. पुढे सांग."

"टाकला बॉल. बॅटवाला नुसता उभाच. परत टाकला. परत उभाच. फार आळशी माणूस आहे." असं चारदा झालं. मग मालिनी आनंदाने ओरडली, "गेला! बॅट टाकून गेला तो! चालत चालला, शांतपणे!"

लुडविना कण्हली.

"का हो? बरं झालं ना, गेला तर?"

"चार चेंडू बाहेरून गेले," सित्स्के पुढून मागे न बघता म्हणाली. "त्याला पहिला तळ फुकट मिळाला. आता तिन्ही तळांवर त्यांची माणसं आहेत."

मालिनीने पाहिलं, खरंच होती. आत्तापर्यंत ती नुसती बघत होती. आता त्या मधल्या उंचवट्यावर उभा असलेला पोरगा फार एकटा दिसायला लागला. त्याचे कान बाहेर आलेले होते आणि गळ्यात एक बारीक साखळी होती. चेंडू हातात घेऊन तो नुसता उभा होता, आणि त्याचा जबडा थांबला होता.

"चघळतोय का?" लुडविनाने विचारलं.

"चघळतोय," मालिनी म्हणाली. "अगदी जोरात."

नवा बॅटर आला. डारियनने चेंडू टाकला, खाडकन आवाज झाला आणि चेंडू उंच उडून थेट मागच्या पार्किंगच्या दिशेने गेला. मालिनी क्रिकेटवर वाढलेली. तिच्या तोंडून आपोआप निघालं, "सिक्सर! मैदानाबाहेर!"

लुडविनाने किंकाळी फोडली. दोन ओळी मागचं एक बाळ रडायला लागलं.

"फाउल आहे!" सित्स्के आता मात्र पूर्ण वळली. "मागे गेला चेंडू, मागे! मागे गेला तर काही होत नाही. उलट डारियनचाच फायदा."

"मागे गेला," मालिनीने लुडविनाला घाईघाईने सांगितलं. "फायदा आहे. माफ करा. फायदा आहे."

पुढच्या चेंडूला बॅटवाल्याने जीव खाऊन बॅट फिरवली आणि हवा मारली. लोक ओरडले. मालिनीही ओरडली, कारण एवढं तिला कळलं. मग एक चेंडू बाहेर. मग डारियनने टोपी काढली, परत घातली, आकाशाकडे पाहून काहीतरी पुटपुटला आणि पुन्हा हात फिरवला.

यानंतरचं सगळं एका श्वासात झालं. बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज आणि चेंडू गोळीसारखा सरळ डारियनच्या छातीवर. मालिनीने दोन्ही हात तोंडावर नेले. डारियन कसाबसा वाकडा झाला आणि त्याचा हातमोजा आपोआप वर आला.

"कॅच!" मालिनी किंचाळली. मग तिला भान आलं की ती मराठीत किंचाळतेय, पण थांबायला वेळ नव्हता. "घेतला! कॅच घेतला त्याने! अहो बाई, घेतला!"

लुडविना अर्धवट उठली. तेवढ्यात डारियनने गर्रकन वळून तो चेंडू डावीकडे भिरकावला.

"अगं आई गं! टाकून दिला!" मालिनी डचमध्ये ओरडली. "हातात होता तो टाकून दिला! काय हा मुलगा!"

लुडविना मटकन खाली बसली आणि तिने चेहरा झाकून घेतला. पण भोवतालचे सगळे लोक खुर्च्यांवर चढून नाचत होते. कुणीतरी ढोल बडवायला घेतला. सित्स्के, जी दोन तासांत एकदाही हसली नव्हती, तिने मागे झुकून दोघींना एकदमच मिठी मारली.

"टाकून नाही दिला, बायांनो! तिसऱ्या तळावरचा माणूस धावत सुटला होता, त्याला परत जाता आलं नाही. एका चेंडूत दोन बाद. डाव संपला!"

लुडविनाने वळून बोटांच्या फटीतून मैदानाकडे पाहिलं. डारियन धावत येत होता आणि सगळा संघ त्याच्या टोपीवर थापा मारत होता. ती ढसाढसा रडायला लागली. मालिनीला वाटलं, आपल्याला रडायचं काय कारण? आणि डोळे पुसायला तिने पिशवीतून पोळ्यांचा रुमाल काढला.

नेमक्या त्याच क्षणी हातात तीन पुडे धरून सतीश आणि चारुता परत आले.

"काही झालं का मधे?" सतीशने विचारलं.

नवव्या डावात दुसराच पिचर आला आणि त्याने तिघांना पटापट घरी पाठवलं. नेदरलँड्स तीन-दोनने जिंकलं. सामना संपल्यावर डारियन कुंपणाशी आला. जवळून तो आणखीच पोरसवदा दिसत होता. लुडविनाने त्याच्या गालांचे पटापट मुके घेतले आणि मालिनीला पुढे ओढलं.

"हिने मला सगळं सांगितलं. तू सारखा चघळत होतास म्हणाली."

डारियन गोंधळला. "मी? आई, तळ भरले तेव्हा मी च्युइंगगम गिळून टाकलं. घाबरून."

मालिनीचे कान लाल झाले. "मला वाटलं... तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"मला माहीत होतं," लुडविना म्हणाली. "खोटं बोलताना तू माझी बोटं मोडायचीच बाकी ठेवली होतीस." तिने आपला हात वर करून दाखवला. अंगठीचा ठसा शेजारच्या बोटावर लालभडक उमटला होता. "माझी बहीण वीस वर्षं खोटंच सांगते. पण तिला तुझ्याइतकं चांगलं जमत नाही. रविवारी फायनलला ये. तिकिटं मी ठेवते."

रविवारी सतीशच्या ऑफिसातल्या एका मित्राकडे बार्बेक्यू होतं. मालिनीने परस्पर फोन करून येत नसल्याचं कळवलं आणि सकाळी उठून कोथिंबिरीच्या वड्या तळायला घेतल्या. गाडीत बसताना तिने चारुताला विचारलं, "तुझा तो कॅचर काय काय खुणा करतो गं बोटांनी?" चारुताने दोन्ही कानांतले इअरफोन काढले.

फायनल चेक संघाशी होती आणि नेदरलँड्स ती सात-एक असं सपशेल हरलं. डारियनचा दंड दुखत होता म्हणून त्याला खेळवलंच नाही. त्यामुळे लुडविना डोळे सताड उघडे ठेवून, वड्या खात, आल्यागेल्याशी गप्पा मारत निवांत बसली होती. सित्स्केच्या मुलाने एकुलती एक धाव काढली, तेव्हा सित्स्केने फक्त मान हलवली. भांडत होती ती मालिनी. पाचव्या डावात पंचाने एक चेंडू आत दिला, तेव्हा ती उभी राहून अस्सल पुणेरी मराठीत त्याला चष्म्याचा नंबर तपासायला सांगत होती. चारुता खुर्चीत घसरून जवळजवळ जमिनीवर पोचली.

"अगं, खेळच आहे शेवटी," लुडविना निरोप घेताना म्हणाली.

"तुम्हाला बोलायला काय जातंय," मालिनी फुरंगटून म्हणाली, आणि मग दोघी बराच वेळ एकमेकींना सोडेनात.

परतीच्या वाटेवर तिला तो पाचव्या डावातला चेंडू विसरता येईना. तो आत होता की बाहेर? सतीशने आपल्या परीने समजावलं. मागून चारुता म्हणाली, "बाबा, चूक. खाली गुडघ्यापर्यंतचा आत धरतात, कमरेपर्यंतचा नाही." मालिनी म्हणाली, तो बॅटवाला बुटका होता, त्याचा गुडघा कुठे येणार? चारुताने पुढे वाकून फोनवर चित्र दाखवलं. सतीशने गाडी चालवता चालवता त्यात डोकावून पाहिलं. आवाज चढले, तिघंही एकदम बोलायला लागले, कुणीच कुणाचं ऐकेना. उट्रेक्टला आइंडहोव्हनचं वळण कधी मागे पडलं ते एकालाही कळलं नाही. आर्नेमच्या पाट्या दिसायला लागल्या तेव्हा ते जर्मनीच्या दिशेने चांगले तीस किलोमीटर पुढे गेले होते, आणि वाद अजून गुडघ्यावरच अडला होता.