आपल्या समाजाचे सर

कोकिळाच्या हातात हैदराबादच्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र होतं, आणि नेट परीक्षेत मिळवलेली फेलोशिपही. पाच वर्षं सरकार दरमहा पैसे देणार होतं. तरीही धुळ्याच्या त्या घरात आठवडाभर एकच घोळ चालला होता.

"हैदराबादला आपलं कोण आहे?" तिचे वडील प्रेमराज आबा पुन्हा पुन्हा विचारत. एस.टी.तून निवृत्त झालेला हा माणूस समाजाच्या मंडळाचा चिटणीस. किराणा समाजाच्या दुकानातून, औषध समाजाच्या डॉक्टरचं, मग लेकीच्या पीएच.डी.चा मार्गदर्शक तेवढा परका कसा चालावा?

"आबा, तिथल्या मार्गदर्शक बाईंनी मजूर बायकांवरच आयुष्यभर काम केलंय. माझा विषय त्यांना कळतो."

"विषयाचं काय घेऊन बसलीस? इथल्या कॉलेजातले जीवराम सर घरचे आहेत. सांभाळून घेतील."

कोकिळाने हैदराबाद सोडलं आणि जीवराम सरांकडे नाव नोंदवलं. आणि घेतलं की त्यांनी सांभाळून! फेलोशिपच्या कागदावर दर महिन्याला सरांची सही लागायची, ती फुकट मिळत नसे. सरांच्या उत्तरपत्रिका तपासायच्या, उन्हाळ्यात त्यांच्या घरी पापड लाटायचे, नातवाला शाळेतून आणायचं, मग सही. एकदा कोकिळा घरी येऊन ढसाढसा रडली. आबा म्हणाले, "गुरूची सेवा समज. आपलेच आहेत ते."

तरी पोरीने काम केलं. लाल मिरचीचे देठ खुडणाऱ्या एकशे बारा बायकांच्या मुलाखती तिने दोंडाईच्याच्या बाजूला फिरून घेतल्या. आबाच तिला मोटरसायकलवर नेत आणि शेजारी बसून ऐकत. चौथ्या वर्षी सर म्हणाले, "सगळं माझ्याकडे ठेव, बघून देतो." वह्या गेल्या, रेकॉर्डिंग गेलं, आणि सर वर्षभर बघतच राहिले.

जानेवारीत मंडळाने सत्कार ठेवला. सरांचा पुतण्या भूपेंद्र पीएच.डी. झाला होता. पत्रिकेत विषय छापला नव्हता. मंगल कार्यालय खच्चून भरलं होतं. आबांनी स्वतःच्या हाताने भूपेंद्रच्या खांद्यावर शाल घातली. फोटोसाठी म्हणून भूपेंद्रने मिरची खुडणारी एक म्हातारी मजूर बाई, झुंबरबाई, व्यासपीठावर आणून बसवली होती. मग त्याने प्रबंध उघडून वाचायला सुरुवात केली.

"एक मजूर बाई मला म्हणाली, मिरचीच्या हातांनी मी पोराला कुशीत घेत नाही. त्याचे डोळे झोंबतात."

तिसऱ्या रांगेत कोकिळाचा चेहरा पांढराफटक पडला. हे वाक्य आबांनीही स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"हाई तर मी कोकिळाबाईले सांगेल व्हतं!" झुंबरबाई भर सभेत बोलली. "तुमले तर मी आजच देखं, भाऊ!"

जीवराम सरांनी आबांकडे नुसतं पाहिलं. शंभर माणसं आबांकडे पाहत होती, लेकही पाहत होती. आबांनी माइक घेतला.

"बाईंचं वय झालंय," ते हसत म्हणाले. "विसरतात." आणि तिचा दंड धरून त्यांनी तिला खाली उतरवलं.

कोकिळा उठली आणि निघून गेली.

फाटकापाशी झुंबरबाईने दंड सोडवून घेतला. "आबा, त्या दिन तुम्ही मना बाजूले बठेल व्हतात. मी म्हातारी शे, येडी नही. मिरचीवाला शेठबी मना समाजना शे. मजुरी कापताना तो समाज देखस नही. चोर आपला शे म्हनीसन तुम्ही आंडेरले इकी टाकं!"

पोटच्या मुलीला विकलं! हा शब्द आबांच्या काळजात रुतला. रात्रभर ते जागे होते. सकाळी कोकिळा विद्यापीठाला तक्रार लिहीत होती. आबा पुढे आले. "साक्षीदार म्हणून माझी सही घे."

"साक्ष काल द्यायची होती, आबा," ती मान वर न करता म्हणाली. कागद मात्र तिने पुढे सरकवला.

आबांनी सही केली. आठवड्यात मंडळाने त्यांचं चिटणीसपद काढून घेतलं आणि ओटीवर बसायला येणारी माणसं यायची बंद झाली. चौकशी समिती नेमली गेली, ती अजून बसते आणि उठते आहे. फेलोशिपची पाच वर्षं संपली. हैदराबादच्या बाई निवृत्त झाल्या.

कोकिळाने दुसरीकडे नव्याने प्रवेश घेतला, फेलोशिपशिवाय. शिकवण्या घेऊन शिकणार होती. स्टँडवर बॅग उचलून देत आबांनी विचारलं, "कुठल्या गावी चाललीस, एवढं तरी सांग."

"नको आबा. सांगितलं, तर तिथे आपलं कोण आहे ते तुम्ही शोधाल."

बस निघून गेली. आबा फलाटावर उभे राहून रडले, आणि ते रडू कुणाच्याही उपयोगाचं नव्हतं.

बंधूंनो, भगिनींनो, तुमच्या घरातही कुणी संशोधन करायला निघालं असेल. मार्गदर्शकाचं आडनाव विचारू नका. त्याने काय लिहिलंय ते वाचा, त्याच्या हाताखालून सुटलेल्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा, आणि आपल्या मुलीला विचारा. आपल्या माणसाने केलेली चोरी झाकणारा तिच्यात निम्मा भागीदार असतो. आबांना हे कळलं, पण तोवर लेकीची पाच वर्षं गेली होती, आणि लेकही.