मनुबाईंची बसायची वाकळ

मी एक जुनी वाकळ आहे, मित्रांनो. औंधजवळच्या एका गावात मनुबाईंनी दारोदार फिरून बायकांची जुनी लुगडी जमवली आणि मला शिवलं. पांघरायला नव्हे, सगळ्यांनी मिळून बसायला.

दर सोमवारी दुपारी बायका माझ्यावर बसत. बाळंतिणीच्या घरी भाकरी कोण देणार, मिरजेच्या दवाखान्यात सोबतीला कोण राहणार, दारुड्या नवऱ्याला दम कोण भरणार, सगळं तिथंच ठरे. मला तेव्हा फार अभिमान वाटे.

१९९६ साली साताऱ्याहून श्रद्धा आली. माणसं एकमेकांसाठी कशी एकत्र येतात, याचा ती गावोगाव अभ्यास करत होती.

"मावशी, तुमच्या संस्थेचं नाव काय?"

मनुबाई हसल्या. "संस्था कसली गं? आमी बसतो, बोलतो आन् कामाला लागतो."

श्रद्धा महिनाभर माझ्यावर बसून ऐकत राहिली. अडल्यावेळी कोण कुणासाठी धावतं, यावरून गावाची एकी मोजायची, असं तिनं ठरवलं. पण तिचे शहरातले साहेब आले आणि दारातूनच विचारू लागले, "नोंदणी आहे का? अध्यक्ष कोण?"

"आवं सायेब, बसा तरी!"

ते बसले नाहीत. त्यांच्या अहवालात गावातली एकच संस्था आली, ऋषिराज नावाच्या तरुणाचं मंडळ. त्याला पाटी होती, शिक्का होता. सभा कधी झालीच नव्हती. श्रद्धा साहेबांशी भांडली. व्यर्थ.

अहवाल पाहून आजाऱ्यांसाठीची गाडी मंडळाला मिळाली. "आता मंडळ बघंल की," म्हणत एकेक बाई यायची थांबली. मनुबाईंनी मला माळ्यावर टाकलं. तिथं उंदीर मला कुरतडत राहिले.

पुढं एका दुपारी मनुबाईंच्या छातीत कळ आली. त्यांचे यजमान आकाराम मंडळाकडे धावले. गाडी घेऊन ऋषिराज लग्नाला गेला होता. मग त्यांनी आळीत हाका मारल्या.

"मंडळाला सांगितलं न्हाई व्हय?" एवढंच घराघरातून ऐकू आलं. बाहेर कुणी आलं नाही. आकारामांनी एकट्यानं बैलगाडी जुंपली. एसटीच्या थांब्यावरच मनुबाई गेल्या.

तेव्हा मला खाली काढलं. साऱ्या बायका माझ्यावर दाटीनं बसल्या. श्रद्धाही आली. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना.

"पयलं हाक आली की आमीच जात हुतो गं," त्यांच्यातली अनसूया श्रद्धाला म्हणाली आणि पदरात तोंड लपवून रडू लागली.

मित्रांनो, गाव जाणून घ्यायला जाल, तेव्हा पाटी वाचून माघारी फिरू नका. खाली बसा. आणि तुमच्या गावात माझ्यासारखी एखादी वाकळ असेल, तर ती अंथरायला मयताच्या दिवसाची वाट बघू नका.