वळणावरचा हॉर्न

जगाचा इतिहास आमच्या पोस्ता व्हिएखा गावातून गेलेला आहे. थांबला मात्र नाही. थांबला तो फक्त खेचरं बदलायला, आणि जाताना शेण तेवढं ठेवून गेला.

आधी इंकांचे जासूद धावत गेले. मग पोतोसीच्या डोंगरातली चांदी खाली गेली, आणि ती खणणाऱ्यांच्या बायका नवरे शोधत वर गेल्या. मग स्वातंत्र्याची फौज आली आणि तिच्यामागून राजाची. दोघींनी आमच्याच मेंढ्या खाल्ल्या, त्यामुळे गावाला दोन्ही पक्षांबद्दल आजही सारखाच आदर आहे. शेवटी ट्रक आले. आणि आता नवा रस्ता नदीपलीकडून, बोगद्यातून, आम्हाला टाळून जाणार होता.

प्रश्न वरच्या वळणाचा होता. तिथे दरीच्या काठाला विटांचं गुडघ्याएवढं घरकुल आहे. आत क्रूस आणि मेणबत्तीचं बुडूख. ताता सातुर्नीनोची मुलगी निएवेस तिथे अपघातात गेली. आमच्याकडे माणूस जिथे मरतो तिथेच त्याचा जीव राहतो. कबरीत नुसती हाडं.

आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा असतो. त्या दिवशी सातुर्नीनोच्या ट्रकचा हॉर्न बंद होता. "परत येताना बघू," असं म्हणून तो निघाला होता. समोरच्याला कळलं नाही. बाप वाचला, शेजारी बसलेली लेक गेली. तेव्हापासून जाणारा प्रत्येक ट्रक घरकुलापाशी हॉर्न द्यायचा, आणि खाली अंगणात मका सोलत बसलेला म्हातारा मान डोलवायचा. वरून पोरीनं 'आहे हो' म्हणावं, तशी.

रस्ताखात्याचा इंजिनियर आला तेव्हा चौकात सभा भरली. आमचा गावप्रमुख बाल्ताझार याने इंकांपासून सुरुवात केली. चांदीपर्यंत येईतो इंजिनियरची कॉफी गार झाली.

"एवढा इतिहास आहे, साहेब! आणि रस्ता पलीकडून?"

"फलक लावू ना. नव्या रस्त्यावर, बाण काढून."

"बाण कुणीकडे?"

"इतिहासाकडे."

गावाला हे पटलं. मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, म्हणून फलकाचा मजकूर माझ्या गळ्यात आला. मग सातुर्नीनो हॅट हातात धरून उभा राहिला.

"साहेब, माझी मुलगी वळणावर असते. गाड्या बंद झाल्या तर तिचं कसं व्हायचं?"

"दुकान आहे का तिचं? भरपाई मिळेल. तिला अर्ज करायला सांगा."

बाल्ताझारने घसा साफ केला. "ती मेलीय, साहेब."

"मग वारसाने करावा," इंजिनियर म्हणाला. माणूस वाईट नव्हता; नियम त्याला पाठ होते.

नवा रस्ता सुरू झाला आणि वळणावर गवत आलं. गावाला दया आली. दयेचं आमच्याकडे असंच आहे, ती आली की चारजणांना घेऊन येते. एका रविवारी बाल्ताझार हातगाडी आणि बासरीवाले घेऊन सातुर्नीनोच्या दारात उभा राहिला.

"ताता, घरकुल नव्या रस्त्यावर नेऊ. तिकडे ट्रकच ट्रक. पोरगी खूश होईल!"

सातुर्नीनोची बायको कासिल्दा चुलीपाशी खोकत होती. "घर न्याल रे. पोरीला कोण सांगणार?"

"सांगू की, कासिल्दाबाई. बासरी वाजवून सांगू."

"तुझी बासरी ऐकून जिवंत माणूस जागचा हलत नाही, मेलेलं काय हलणार?"

तरीही नेलं. नव्या रस्त्यावरचे ट्रक घरकुल दिसलं की हॉर्न देत. नदीपलीकडून तो अंगणात ऐकूही यायचा. सातुर्नीनो मका सोलत राहायचा. मान एकदाही हलली नाही.

"तिथे कुणी नाही, मास्तर," तो मला म्हणाला. "रिकाम्या घराला हाका मारतात."

मृतांच्या दिवशी गावाने मेलेल्यांसाठी भाजतात त्या पावाच्या बाहुल्या नव्या घरकुलापुढे मांडल्या. कासिल्दा आपली बाहुली घेऊन एकटीच जुन्या वळणावर गेली. वर वारा फार असतो. आली ती अंथरुणालाच खिळली. शेवटी तिने नवऱ्याला जवळ बोलावलं.

"मी इथेच असेन, खाटेपाशी. मला सोबत नको. तू वर जात जा."

"आणि काय करू?"

"काय करू म्हणे! तो हॉर्न दुरुस्त कर. परत येताना बघणार होतास ना?"

तिला पुरल्यावर त्याने परसातल्या मोडक्या ट्रकचा हॉर्न काढला, तारा जोडल्या, बॅटरी घेतली आणि चढ चढला. मी एकदा मागोमाग गेलो होतो. चार विटांची खूण उरली होती. त्याने हॉर्न दिला. मग ड्रायव्हर ऐकतो तसा वळणापलीकडे कान देऊन उभा राहिला. पलीकडून काही आलं नाही. त्याने मान डोलवली आणि उतरायला लागला. त्यानंतर रोज दुपारी हॉर्न ऐकू यायचा. दिवसागणिक बसत चाललेला.

काल मी फलकाचं शेवटचं वाक्य जुळवत होतो: 'येथून साम्राज्ये गेली, परंतु...' त्या 'परंतु'पाशी सकाळभर अडलो होतो. दारात सातुर्नीनो उभा. मुलं पाठीशी बांधायच्या रंगीत कापडात त्याने बॅटरी बांधून आणली होती.

"मास्तर, तुमच्याकडे चार्जर आहे ना? एवढी उद्या दुपारपर्यंत भरून द्या," तो म्हणाला. "आणि चिमटे तुमचेच लावा. माझे गंजलेत."