माईंचं टिपण

ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत. इस्पितळांच्या पडद्यांसाठी ती प्रोग्राम लिहायची. पडद्यावरचं पान चालवणाऱ्या जावास्क्रिप्ट कोडमध्ये रिकाम्या जागा असत. पेशंटचं नाव, वय, नर्सचं टिपण तिथे येऊन बसे. ती ज्या फंक्शनल प्रोग्रामिंग भाषेत लिही, ती मोठी कडक. आत जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला आधी विचारी, तू आकडा की मजकूर? मजकूर असला, तर त्यातली अवतरणचिन्हं नीट बांधूनच आत सोडी; नाहीतर पान त्यांनाच मजकुराचा शेवट समजून तुटे.

मार्चमध्ये कामाची घाई उडाली होती. नर्सच्या टिपणाचा प्रकार भाषेला काही केल्या पटेना. वैतागून ताईने भाषेला खोटंच सांगितलं, की हा मजकूर नव्हे, हे तयार जावास्क्रिप्टच आहे. भाषेने निमूट ऐकलं. शेजारी बसून प्रोग्राम तपासणाऱ्या टेस्टरने, तिच्या अकरा वर्षांपासूनच्या मैत्रिणीने, विचारलंही, "हे असंच ठेवणारेस?"

"सोमवारी नीट करते गं."

सोमवार आला नि गेला.

जूनमध्ये या मैत्रिणीची आई इस्पितळात दाखल झाली. तिला बोलता येत नव्हतं. तिला न चालणारं इंजेक्शन दिलं गेलं आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. पुढच्या आठवड्यात तक्रार आली: त्या दिवशी एका पेशंटचं पान अर्धंच उघडलं, धोक्याची लाल पट्टी दिसलीच नाही. ताईने त्या पेशंटची नोंद उघडली. नाव मैत्रिणीच्या आईचं होतं, खाली नर्सचं टिपण:

यांना "माई" म्हणा, मगच वळून बघतात. पेनिसिलिन चालत नाही.

माईभोवतीच्या त्या दोन अवतरणचिन्हांनी पान मधेच तुटलं होतं.

मॅनेजर म्हणाला, "तिच्या कानावर घालू नका. वकील बघतील." ताई उठली ती तडक मैत्रिणीच्या घरी गेली. दारातच सगळं सांगितलं, एका दमात.

मैत्रिणीने दाराची चौकट धरली. मग म्हणाली, "नर्सला मीच सांगितलं होतं, माई म्हणा म्हणून. म्हणजे माझ्याच..."

"नाही!" ताई जवळजवळ ओरडलीच. "तुझ्या शब्दाने नाही. माझ्या ओळीने. हे आयुष्यभर लक्षात ठेव, मला शिव्या घाल, पण ते मनात आणू नकोस."

"जा आता तू," मैत्रीण म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच ताईला सोसवेना.

चौकशीत ताईने सगळं कबूल केलं. नोकरी गेली. ती ओळ दुसऱ्या कोणीतरी पाच मिनिटांत दुरुस्त केली. वर्षभराने बाजारात दोघी समोरासमोर आल्या. मैत्रिणीने तिच्याकडे पाहिलं, मान किंचित हलवली आणि पिशवी या हातातून त्या हातात घेऊन पुढे निघून गेली.